‘शिरस्ता’ म्हणजे नक्की काय? आणि आला कुठून?

पाटीपेन्सिल

मंडळी, एक शंका आहे. फार मोठी नाही, पण चार दिवस डोक्यातून जात नाहीये.

लेक सातवीत आहे. मराठीच्या बाईंनी ‘आमच्या घरचा एक शिरस्ता’ यावर दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या. तिला काही सुचेना, म्हणून मी माझ्या माहेरच्या, साताऱ्याच्या घड्याळाची गोष्ट सांगितली. आजोबा (आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो) दर रविवारी आंघोळ झाली की ओल्या केसांनिशीच स्टुलावर चढायचे, भिंतीवरच्या घड्याळाचं काचेचं दार उघडायचे आणि किल्ली द्यायचे. तबकडीवर दोन भोकं. उजवं चालीचं, डावं ठोक्यांचं. उजवीकडे अकरा पिळे, डावीकडे नऊ, मोठ्याने मोजून. ते होईपर्यंत चहाचं आधण ठेवायचं नाही. का म्हणून विचारलं तर उत्तर एकच, "शिरस्ता आहे."

लेकीने सगळं उतरवून घेतलं आणि पेन चावत विचारलं, "आई, शिरस्ता म्हणजे शिरायचा रस्ता का गं?"

मी हसले. मग लक्षात आलं की आपल्यालाही ठाऊक नाही. सवय, प्रथा, रूढी, रिवाज, पायंडा, प्रघात असे ढीगभर शब्द असताना अण्णा नेमका ‘शिरस्ता’च का म्हणायचे? बाकीच्यांपेक्षा याचा अर्थ वेगळा आहे का? जाणकारांनी सांगा.

रिकामटेकडा

शिरायचा रस्ता! लेकीला माझ्यातर्फे एक चॉकलेट. आमच्या सोसायटीच्या पार्किंगचा अगदी हाच शिरस्ता आहे. ज्याला जिथून शिरता येईल तो रस्ता.

ज्येष्ठमध

शब्द सरळसरळ संस्कृत आहे, त्यात शोधण्यासारखं काही नाही. शिरस् + स्थ = शिरस्थ. जे शिरावर धारण केलं ते. आपण ‘शिरसावंद्य’ म्हणतो ना, तसंच. वाडवडिलांनी घालून दिलेलं आपण डोक्यावर घेतो, तो शिरस्ता. ‘थ’चा ‘त’ बोलण्याच्या ओघात झाला.

तळ्यात_मळ्यात

ज्येष्ठमधकाका, पटण्यासारखं आहे. वाचनखूण साठवली.

अर्धाकप

साठवण्याआधी जरा थांबा.

ज्येष्ठमध, व्युत्पत्ती छान जुळवलीत, पण मग ‘शिरस्तेदार’ कुठून आला? शिरावर धारण केलेल्याचा दार? ‘दार’ हा प्रत्यय फारसी आहे, आणि त्याच्या आधीचा भागही फारसीच. मूळ शब्द सर-रिश्ता. सर म्हणजे डोकं किंवा टोक. रिश्ता म्हणजे दोरा, ‘रिश्तन’ म्हणजे सूत कातणे या क्रियापदावरून. थोडक्यात, शिरस्ता म्हणजे दोऱ्याचं टोक.

दोऱ्याच्या टोकापासून घड्याळाच्या किल्लीपर्यंत तो कसा आला, तर कचेरीतून. गुंड्याचं टोक हाती असलं की सगळा गुंडा उलगडतो. त्यावरून सर-रिश्ता म्हणजे नोंदी जिथे राहतात ते दप्तर, ते खातं. ते सांभाळणारा तो सररिश्तेदार. कंपनी सरकारच्या आणि पुढे इंग्रजी अमलाच्या कचेऱ्यांत शिरस्तेदार म्हणजे बडं प्रस्थ. कलेक्टर बदलून जायचा, शिरस्तेदार तिथेच. अर्ज कसा घ्यायचा, कुठल्या कागदामागे कुठला कागद लावायचा, गेल्या साली काय केलं होतं, हे त्याला पाठ. साहेबाने विचारलं "असं का?" तर हा दप्तर दाखवणार. दप्तरी जसं चालत आलंय तसं, म्हणजे शिरस्त्याप्रमाणे. दप्तर मागे पडलं, ‘चालत आलेली पद्धत’ एवढाच अर्थ मराठीत राहिला. मोल्सवर्थच्या कोशातही शब्द फारसी म्हणूनच नोंदलाय.

पाटीपेन्सिल

अर्धाकप, दोऱ्याचं टोक! कुठल्या कुठे. धन्यवाद. पण एक प्रश्न. ‘सर’चं ‘शिर’ कसं झालं? सरपंच, सरकार, सरदार, सरचिटणीस यांचं नाही झालं ते.

अर्धाकप

चांगला प्रश्न. हा एकटाच नाही, अख्खी टोळी आहे. शिरपेच म्हणजे मुळात सरपेच, पगडीवरचा दागिना. शिरपाव म्हणजे सर-ओ-पा, डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख. दरबारात मानाचा म्हणून द्यायचे तो. शिरजोर म्हणजे सरजोर. मराठी माणसाला ‘सर’ऐवजी ओळखीचं ‘शिर’ ऐकू आलं आणि त्याने तसं म्हणायला सुरुवात केली. जिथे डोक्याचा अर्थ डोळ्यांसमोर उभा राहतो (पेच, पाव, जोर) तिथे शिर आलं. जिथे नुसता ‘मुख्य’ असा अर्थ, तिथे सर राहिलं. आता शिरस्त्यात डोकं कुठे दिसतं म्हणाल, तर तिथे ज्येष्ठमधांसारख्याच कुणाला तरी शिरसावंद्य आठवलं असणार.

रिकामटेकडा

चोर तो चोर, वर फारसी.

ज्येष्ठमध

ठीक आहे. शिरपावाचा मुद्दा मान्य. पण फारसी ‘सर’ आणि संस्कृत ‘शिरस्’ ही सख्खी चुलत भावंडं आहेत, हेही लिहा की. दोन्ही भाषा मुळात एका घरातल्या. म्हणजे मराठी माणसाने ‘सर’चं ‘शिर’ केलं ते चुकून नाही केलं, त्याने हरवलेलं पोर घरी आणलं.

अर्धाकप

हे मात्र शंभर टक्के खरं. शिर तुमचं, दोरा त्यांचा. मिटवायचं का?

ज्येष्ठमध

मिटलं. चहा तुमच्याकडे. अर्धाच पाजाल, नावावरून दिसतंच आहे.

चकलीचा_साचा

मी दुबईत असते. शेजारच्या टेबलावर एक इराणी बाई बसतात, शिराझच्या. हा धागा वाचून मी त्यांना जेवणाच्या सुट्टीत विचारलं, तुमच्याकडे ‘सररेश्ते’ असतं का हो? (त्या ‘रिश्ता’ला ‘रेश्ते’ म्हणतात.) त्या म्हणाल्या, असतं तर. "सररेश्ते नदारम" म्हणजे ‘मला त्यातलं काही कळत नाही’. म्हणजे त्यांच्याकडे या शब्दाचा अर्थ जाणकारी, एखाद्या गोष्टीत गती असणं. दोऱ्याचं टोक हाती असणं म्हणजे गती असणं. ते कचेरीत गेले नाहीत, आपण गेलो.

आणि ऐका. नुसतं ‘रेश्ते’ म्हणजे शेवया! नवरोजच्या दिवसांत त्यांच्याकडे आश-ए-रेश्ते करतात. राजमा, हरभरे, मसूर, ढीगभर पालेभाजी आणि त्यात लांब शेवया, वरून तळलेला कांदा आणि वाळवलेला पुदिना. मागच्या मार्चमध्ये डबाभरून आणलं होतं. मी चमच्याने शेवया तोडायला गेले तर माझा हात धरला. तोडायच्या नाहीत म्हणाल्या, नव्या वर्षाचा दोरा आहे तो, गुंता सुटत जावा म्हणून खायचा.

तळ्यात_मळ्यात

म्हणजे हिंदीतला ‘रिश्ता’ (नातं) तोच का? आणि आपली शेवयाची खीर म्हणजे दोऱ्याची खीर?

अर्धाकप

रिश्ता तोच. दोरा म्हणून बंध, बंध म्हणून नातं. खिरीचं तुमचं तुम्ही बघा.

गोदाकाठ

आमच्याकडे, मराठवाड्यात, हा शब्द दोन वाटांनी आलाय. आजोबांचा शाळेचा दाखला आहे माझ्याकडे. उर्दूत, निजाम सरकारच्या काळचा. वर ठळक अक्षरांत ‘सररिश्ता-ए-तालीमात, सरकार-ए-आली’. तालीमात म्हणजे शिक्षण. म्हणजे शिक्षण खातं. मला उर्दू वाचता येत नाही, वडिलांनी वाचून दाखवलं. कागद घडीवर फाटलाय, आता प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय.

गंमत अशी की आजी त्याच घरात ‘आमच्यात शिरस्ता नाही बाई तसा’ असं अस्सल मराठीत म्हणायची. डोहाळजेवणाला काळी साडी चालते का, यावर. खातंही सररिश्ता आणि साडीचा नियमही शिरस्ता, आणि दोन्ही एकच शब्द आहे हे त्या घरात कुणाच्या गावीही नव्हतं. आज मला कळलं. अर्धाकप, लई आभार.

बेळगावकरीण

अहो, तुम्ही शिरस्तेदाराला इतिहासात का जमा केलंत? आमच्याकडे अजून आहेत की! कर्नाटकात तालुक्याच्या कचेरीत शिरस्तेदार हे पद आजही आहे, दारावर कन्नडमध्ये पाटी असते. मागच्या वर्षी वडिलांच्या शेताच्या कागदासाठी मी अकरा फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला कळलं की कागद तयार आहे, पण शिरस्तेदारांची सही राहिली. सहाव्या फेरीला शिरस्तेदार रजेवर. नवव्या फेरीला सही झाली, शिक्का राहिला. दोऱ्याचं टोक म्हणे! मला तर गुंडाच दिसत होता.

रिकामटेकडा

अकरा फेऱ्या. अण्णांच्या घड्याळाचे पिळेही अकराच. ताई, तुम्ही कचेरीला किल्ली देत होतात.

बेळगावकरीण

आणि डावीकडचे नऊ राहिले म्हणूनच ठोके पडले नाहीत बहुतेक.

उंबरठा

दोऱ्यावरून आठवलं. इंग्रजी ‘फाइल’ या शब्दाचं मूळही दोराच आहे. लॅटिनमध्ये फिलुम म्हणजे दोरा. कागद दोऱ्यात नाहीतर तारेत ओवून ठेवायचे, ती फाइल. आमच्या बँकेत मी लागलो तेव्हा, १९८६ साली, जुन्या पावत्या खालून लाकडी चकती आणि वर टोकदार तार अशा खिळ्याला टोचून ठेवलेल्या असायच्या. वाण्याच्या दुकानातही असायचा तो खिळा. बिलं टोचून टोचून त्याचा शेवगा व्हायचा.

आणि आपलं ‘सूत्र’? सूत्र म्हणजे धागा, आणि सूत्र म्हणजे नियम. तंत्रही विणकामातलंच. तन् म्हणजे ताणणे, त्यावरून मागावरचे ताणलेले धागे ते तंत्र, आणि मग काम करण्याची पद्धत तेही तंत्र. म्हणजे धाग्यावरून नियमावर जायचं, हा प्रवास फारसीनेही केला आणि संस्कृतनेही. जाऊन पोचले मात्र निरनिराळ्या ठिकाणी. सूत्र ग्रंथात गेलं, शिरस्ता कचेरीत.

तळ्यात_मळ्यात

आणि आपण हे सगळं ‘धाग्या’वर बोलतोय.

रिकामटेकडा

धाग्याचं टोक पाटीपेन्सिलताईंच्या हाती. म्हणजे त्या या धाग्याच्या शिरस्तेदार. ताई, सही बाकी आहे तुमची.

वाळूचं_घड्याळ

एक वेगळा सूर लावतो, रागावू नका. एवढं सगळं कळल्यावर हा शब्द आपण वापरायचाच कशाला? प्रथा आहे, परंपरा आहे, रीत आहे. खुद्द शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी शब्द काढायलाच ना? सावरकरांनी दिनांक दिला, महापौर दिला, ते आपण वापरतोच.

अर्धाकप

वापरतो, आनंदाने. पण दिनांक फॉर्मवर लिहितो आणि घरात विचारतो "आज तारीख काय?" दोन्ही जगले. शब्द कोशातून काढता येतो, आजीच्या तोंडातून नाही काढता येत. आणि तुमच्याच प्रतिसादातले ‘खुद्द’ आणि ‘कशाला’ यांच्यातला पहिला फारसी आहे, तेवढा परत घ्या.

वाळूचं_घड्याळ

पकडलंत. खुद्द परत घेतो. ‘स्वतः शिवाजी महाराजांनी’ असं वाचावे.

संपादक

भाषाशुद्धीवर आधीच तीन धागे आहेत, तिन्ही कुलूपबंद करावे लागले होते. इथे मूळ प्रश्नावर राहू या.

ज्येष्ठमध

मूळ प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग सगळेच विसरले. ताईंनी विचारलं होतं की बाकीच्या शब्दांपेक्षा याचा अर्थ वेगळा कसा. मी सांगतो, आणि या वेळी जपून सांगतो.

शब्दाचं वजन बघायचं असेल तर त्याच्याबरोबर कुठलं क्रियापद येतं ते बघा. सवय लागते. खोड जडते, आणि ती जित्याची असेल तर मेल्याशिवाय जात नाही. प्रथा पडते. पायंडा पाडतात, म्हणजे कुणीतरी पहिल्यांदा करावं लागतं आणि बाकीचे कुरकुरतात की "हा चुकीचा पायंडा पडेल". रूढी रुजते, आणि मोडायची झाली तर सुधारक लागतो. शिरस्ता मात्र नुसता ‘असतो’. तो कधी सुरू झाला हे कुणी सांगत नाही, आणि कुणाला विचारायचं धाडसही नसतं. त्यात कचेरीची ऐट आहे थोडी. अण्णा ‘सवय आहे’ म्हणाले असते तर आजींनी आधी चहा टाकला असता. ‘शिरस्ता आहे’ म्हटल्यावर टाकणार कशा?

गोदाकाठ

वा! शेवटचं वाक्य लाखाचं.

पाटीपेन्सिल

काका, अगदी तस्सं. आणि अण्णा मामलेदार कचेरीत कारकून होते, ३१ वर्षं! हे मला आत्ता सुचतंय. शब्द तिथूनच घरी आणला असणार त्यांनी.

अर्धाकप

मग तर बोलायलाच नको. मामलेदार कचेरी हेही त्याच दप्तरातलं. मामलेदार, मामला, अंमल, अंमलदार आणि ‘मामूल’ (म्हणजे नेहमीची पद्धत, ‘मामुली’ त्यावरूनच) हे सगळे अरबीतल्या एकाच धातूवरून आलेत. अ-म-ल, म्हणजे करणे. मामूल म्हणजे जे केलं जातं ते.

रिकामटेकडा

मामलेदार म्हटलं की मला फक्त ठाण्याची मिसळ आठवते. तिचा शिरस्ता म्हणजे डोळ्यांतून पाणी.

भरतीओहोटी

आमच्या सिंधुदुर्गात याला गावरहाटी म्हणतत. पालखी कोणाच्या दारात आधी थांबतली, कौल कोणी लावचो, मानाचो नारळ कोणाचो, सगळा ठरलेला. लिवलेला खयच नाय. गाऱ्हाणा घालताना पुजारी बोलता, आणि एकेक वाक्याक बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतत. माझ्या चुलत्यान एकदा मुंबैसून येवन इचारल्यान, "हे असंच का?" सगळ्यांनी एकदम सांगल्यानी, ‘व्हय म्हाराजा’.

तळ्यात_मळ्यात

हाहाहा. कुठल्याही मीटिंगला लागू.

खडूफळा

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे ‘परिपाठ’ या शब्दाचं काय झालंय ते सांगते. पूर्वी ‘रोज पहाटे फिरायला जायचा त्यांचा परिपाठ होता’ असं लिहायचे. आता पोरांना परिपाठ म्हणजे फक्त सकाळचा शाळेतला. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या. धड्यात ‘आजोबांचा परिपाठ’ असं आलं तर एका मुलाने विचारलं, "बाई, आजोबा एकटेच प्रतिज्ञा म्हणायचे का?" मी ‘हो’ म्हणून मोकळी होणार होते.

‘पद्धत’ मात्र मी दरवर्षी फोड करून शिकवते. पद् आणि हति. पायांनी तुडवली गेलेली वाट ती पद्धती. शाळेमागच्या मैदानातून पोरं तिरपी जातात, तिथे गवत उगवत नाही. तिथेच नेऊन दाखवते. ही बघा पद्धत.

उंबरठा

बाई, हे फार आवडलं. माझ्या नातीला सांगणार.

वकीलकाका

उशिरा आलो, सुट्टीत होतो. या विषयात आमच्या धंद्यातली दोन वाक्यं टाकतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

तिरप्या वाटेवरून सुरू करतो. तुडवलेली वाट हक्क होऊ शकते. आपला ‘वहिवाट’ हा शब्द कोर्टात रोज येतो. दुसऱ्याच्या जमिनीतून तुम्ही उघडपणे, शांतपणे, हक्काने, खंड न पाडता २० वर्षं ये-जा केली असेल तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार तो वाटेचा हक्क मिळू शकतो. (शाळेमागचं मैदान शाळेचंच आहे, पोरांनी दावा लावू नये.)

आता रूढी. नुसतं ‘आमच्यात असंच करतात’ म्हणून कोर्ट ऐकत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ३ मध्ये व्याख्याच आहे. रूढी दीर्घकाळ, सतत आणि एकसारखी पाळलेली हवी. ती निश्चित असावी, गैरवाजवी किंवा लोकनीतीच्या विरुद्ध नसावी. आणि एखाद्या कुटुंबापुरताच नियम असेल तर आणखी एक अट आहे, त्या कुटुंबाने तो सोडून दिलेला नसावा.

ही शेवटची अट मला फार आवडते. गावाची रूढी एकाने सोडली तर ती गावात राहते. घराची रूढी घराने सोडली की संपली, ती धरून ठेवायला दुसरं कुणी नाही. कोर्टात हे सिद्ध करायला म्हातारी माणसं साक्षीला आणावी लागतात. एका वाटपाच्या दाव्यात मी ८४ वर्षांच्या आजींना उभं केलं होतं. समोरच्या वकिलाने विचारलं, "ही चाल कधीपासून आहे?" आजी म्हणाल्या, "मी सून म्हणून आले तेव्हा सासूबाईंना विचारलं होतं, त्या म्हणाल्या त्यांनाही विचारायचं राहिलं." जजसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

ज्येष्ठमध

वकीलकाका, तुमच्या कलमाच्या उलट बाजूला आमची म्हण आहेच, ‘शास्त्राद् रूढिर्बलीयसी’. शास्त्रापेक्षा रूढी बलवान. आणि तिचीच एक बहीण व्याकरणात आहे, ‘योगाद् रूढिर्बलीयसी’. तिथे योग म्हणजे व्युत्पत्तीने मिळणारा अर्थ आणि रूढी म्हणजे वापरातला अर्थ. ‘कुशल’ म्हणजे मुळात कुश नावाचं गवत नीट काढणारा. पात धारदार असते, हात कापू न देता काढायचं म्हणजे कसब. आज कुशल कारागिराला गवत कापता येतं का, असं आपण विचारत नाही. तसा आज शिरस्ता म्हणताना कुणी दोरा शोधत नाही. माझी पहिली व्युत्पत्ती चुकली, ती या सूत्राखाली माफ व्हावी.

अर्धाकप

माफ. चहा पूर्ण कप.

वाळूचं_घड्याळ

मला अजून एक खुपतंय. शिरस्त्याचं एवढं कौतुक चाललंय, पण कित्येक घरांत ‘शिरस्ता आहे’ हे वाक्य बायकांना गप्प बसवायलाच वापरलंय. आधी पुरुषांची पंगत, मग बायकांची. का? शिरस्ता. ज्येष्ठमध म्हणाले तसं, विचारायचं धाडस नसतं. त्यात ऐट बघायची की दुसरं काही?

गोदाकाठ

खरं आहे. आमच्या आजीनेच घरातल्या त्या पंगती बंद केल्या. एका दिवाळीला सगळ्यांची पानं एकदम मांडली आणि आजोबांना म्हणाली, "आजपासून हा शिरस्ता." आजोबा पानावर बसले. शब्द कुणाच्याही हाती लागतो.

बेळगावकरीण

आजींना नमस्कार. शिरस्तेदार असावा तर असा, एका फेरीत काम.

खडूफळा

पाटीपेन्सिलताई, लेकीच्या दहा ओळींचं काय झालं? बाईंनी काय शेरा दिला? धंद्यातली उत्सुकता आहे.

पाटीपेन्सिल

सांगते. आधी वकीलकाकांसाठी थोडं, कारण त्यांचं कलम वाचून मी काल रात्री साताऱ्याला काकांना फोन केला.

अण्णांना जाऊन चौदा वर्षं झाली. ते गेल्यावर दोन-तीन वर्षांत घड्याळाची स्प्रिंग तुटली. दुरुस्त करणारे मिळेनात, म्हणून काकांनी आत सेलवर चालणारं मशीन बसवून घेतलं. तबकडी तीच, दोन भोकंही तीच, पण आत काही नाही. किल्ली द्यायचा प्रश्नच उरला नाही. मला वाटत होतं तेव्हाच सगळं संपलं असणार. फोनवर काकूंना सहज विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, हे अजून चढतात की स्टुलावर. दर रविवारी. दार उघडतात, काच आतून पुसतात, लावतात. मग मी आधण ठेवते." मी म्हटलं, किल्ली? "किल्ली आत खालीच पडलेली आहे. ती उचलतात, पुसतात, परत ठेवतात."

वकीलकाका, हे ‘सोडून दिलेलं’ धरायचं की नाही?

लेकीला दहापैकी आठ मिळाले. ‘शिरायचा रस्ता’ तिने कंसात लिहूनच टाकलं होतं, त्याखाली बाईंची लाल रेघ आणि समासात ‘शोधून सांग’. आता दोऱ्याचं टोक, शेवया आणि मामलेदार कचेरी असं सगळं घेऊन ती सोमवारी बाईंपुढे उभी राहणार आहे. बाईंची मला काळजी वाटते.

वकीलकाका

एकसारखी, सतत, दीर्घकाळ. कुटुंबाने सोडलेली नाही. किल्ली हजर. माझ्या मते दावा टिकतो. काकूंना साक्षीला आणा.

रिकामटेकडा

ताई, एक शेवटचं. ते घड्याळ वेळ तरी बरोबर दाखवतं का?

पाटीपेन्सिल

पाच मिनिटं पुढे. अण्णांनीच ठेवलं होतं, सकाळची एसटी चुकू नये म्हणून. सेलचं मशीन बसवणाऱ्याने बरोबर वेळ लावून दिली होती. काकांनी तो गेल्यावर पाच मिनिटं पुढे केलं.